मुकुटाच्या आठवड्यातली पाहुणी

एप्रिल २२, रविवार

मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर झुल्मिराने माझा दंड धरला. म्हणाली, "देओलिंडा, तुझ्या घरी मुकुट यायचाय आणि तू असं सुतकी तोंड करून का हिंडतेस?" मी म्हटलं, गुडघे दुखतायत. खोटं बोलले, तेही चर्चच्या पायरीवर.

आनंद झालाय, तो आधी लिहून ठेवते. लिओनोर, म्हणजे माझी नात, तिनेच मला हे लिहायला लावलंय. म्हणते, "आजी, रोज चार ओळी लिही, डोकं ताजं राहतं. आणि असं लिही की परक्यालाही कळावं." मी आमच्या पोर्तुगीज बेटावर तिसरीपर्यंत शाळेत गेले. मग बोटीने इथे फॉल रिव्हरला, आणि सरळ पडद्यांच्या गिरणीत शिलाईवर. तिथेच ही झुल्मिरा भेटली, केप व्हर्डची. दोघी शेजारच्या मशीनवर. तिची शिवण माझ्यापेक्षा सरळ यायची, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तर आनंद. सेराफिम, माझा नवरा, होता तेव्हापासून मुकुट घरी यावा म्हणून दरवर्षी आमच्या नावाची चिठ्ठी चर्चच्या डब्यात पडायची आणि दरवर्षी दुसऱ्याच कुणाची तरी निघायची. सेराफिम गेला, चिठ्ठी पडतच राहिली. गेल्या सणाला निघाली. ईस्टरनंतरचा सहावा आठवडा, देओलिंडा फुर्तादो. मी तिथेच सुपाच्या पातेल्याशेजारी बसकण मारली. आता सात दिवस पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट माझ्या बैठकीत राहणार. रोज संध्याकाळी जपमाळ, मग खाणं, आणि दार सताड उघडं. जो येईल त्याला वाढायचं, तू कोण, कुठला, हे विचारायचं नाही. माझी आई असंच करायची. तिच्याकडे तर वाढायलाही धड नसायचं.

म्हणून पडदे दोनदा धुतलेत. आणि तरी जीव थाऱ्यावर नाही, कारण गुरुवारी ब्रेंडन आला होता.

ब्रेंडन माझा जावई, लिओनोरचा बाप. आयरिश. मान लालबुंद, हात फावड्याएवढे, मन लोण्याचं. माझी नतालिया गेल्यावरही त्याने मला आई म्हणायचं सोडलं नाही. रस्त्यांवर, शाळांच्या पटांगणात डांबर घालायचं त्याचं काम. हिरवे ट्रक आहेत, त्यांच्यावर पांढऱ्या अक्षरात 'नतालिया पेव्हिंग'. नतालिया होती तेव्हा कंपनी तिच्या नावावर होती. ती गेली आणि महिन्याभराने ब्रेंडन कागद घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आला. म्हणाला, "आई, आता तुमच्या नावावर." मी रडले. लेकीची आठवण म्हणून जावई सासूला असा मान देतो, असं कुठे ऐकलंय का? त्याने बोट ठेवलं तिथे मी सही केली. दरवर्षी करते.

गुरुवारी त्याने कोटही काढला नाही. "आई, राज्याच्या कचेरीतून चौकशी येणार आहे. मालकीण खरंच काम बघते का, ते बघायला."

"मी कुठे बघते?"

"तेच. म्हणून थोडं शिकवतो तुम्हाला. आणि लिओनोरला यातलं काही कळता कामा नये. काही झालं तरी."

तिला का नाही, हे त्याने सांगितलं नाही. पण निघताना त्याने पुढ्यातला पाव तसाच ठेवला, आजवर कधी ठेवला नव्हता.

एप्रिल २९, रविवार

लिओनोर बोस्टनहून आली. झुल्मिराही होती. भाजीचं सूप केलं होतं, चोरिसो सॉसेज घालून. दोघी माझ्याच टेबलावर भांडल्या आणि दोघींनी दोनदा वाढून घेतलं, म्हणजे भांडण काही फार वाईट नव्हतं.

लिओनोर ज्या संस्थेत काम करते तिचं नाव 'एकच माप'. दातांच्या दवाखान्याच्या वर दोन खोल्या. तिथे नाना देशांची पोरं आहेत, फोटोत बघितलीत मी. त्यांचं म्हणणं असं की सरकारने माणसाचं कूळ, रक्त, रंग विचारू नये. ना शाळेत घेताना, ना नोकरी देताना, ना रस्त्याचं काम देताना.

झुल्मिरा म्हणाली, "म्हणजे आमच्या अडालबेर्तोचा रंग विचारायचाच नाही?" अडालबेर्तो तिचा नातू. एक जुना रोलर घेऊन तोही डांबराचीच कामं शोधतो.

"नाही विचारायचा, झुल्मिरामावशी. माझाही नाही."

"सरकार नाही विचारणार गं. पण ठेकेदार त्याला गाडीतून उतरताना बघतो ना? त्याच्या डोळ्याला कोण सांगणार, विचारू नको म्हणून? राज्याच्या राखीव कामांच्या यादीत रंग लिहिला तर निदान एखादा फोन येतो पोराला."

"मग त्या ठेकेदाराला कोर्टात खेचा, मी येते बरोबर. पण सरकारच एकदा रक्त मोजायला लागलं की ते थांबत नाही. मला शाळेत बाई म्हणाल्या होत्या, आईकडचं लिही, वडलांकडचं लिहू नकोस, फायदा होईल. बाबा बाहेर गाडीत बसले होते मला न्यायला. त्यांना पुसून टाक म्हणाल्या त्या मला."

"तुला पुसायला मिळालं तरी," झुल्मिरा म्हणाली. "अडालबेर्तोला कुणी विचारत नाही, कुठला अर्धा लिहू म्हणून."

मला दोघींचं पटलं. हे मी बोलून दाखवलं तर दोघी माझ्यावर उखडल्या.

मग लिओनोरने गंमत सांगितली. तिच्या संस्थेने राज्याकडून कंपन्यांची माहिती मागवली आहे, कूळ दाखवून रस्त्यांची कामं मिळवणाऱ्या. त्यात खोट्या किती ते बघायला. आणि तपासताना नावं, गावं, पत्ते, सगळ्यावर काळी पट्टी चिकटवतात. ते काम लिओनोरकडेच. "कोण कुणाचा हे बघून चूक धरायची नाही, आजी. आम्हीच कूळ बघायला लागलो तर मग आमच्यात आणि त्यांच्यात फरक काय?" किती शहाणी माझी पोर. मी तिला आणखी वाढलं.

"त्यातला सतरा नंबर ऐक," ती म्हणाली. "मालकीण सत्तरी उलटलेली. आणि लिहून काय दिलंय, तर ही बाई रोज सकाळी कामावर हजर राहून डांबराचा थर तपासते."

मी म्हटलं, "धन्य आहे बाई तिची. मला चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत."

लिओनोर हसून हसून लाल झाली. "अगं, ती कुठे जातेय? कुणीतरी तिला नुसती खुर्चीवर बसवलंय आणि मागून आपलं चालवतंय. मी तक्रार केलीय कचेरीत."

"बिचारी. तिला माहीत तरी असेल का?"

"सही तर तिची आहे ना," लिओनोर म्हणाली.

सही म्हटल्यावर मला उगाच ठसका लागला. पोरगी गेल्यावर त्या सतरा नंबरच्या बाईसाठी मी एक जपमाळ म्हटली. म्हातारपणी कुणावर असं येऊ नये.

मे ३, गुरुवार

ब्रेंडन येऊन माझी शाळा घेऊन गेला.

"आई, माणसं कोण नेमतं?"

"तू."

"तुम्ही. परत. माणसं कोण नेमतं?"

"मी. ब्रेंडनला विचारून."

"विचारून नाही. रोलर किती टनाचा?"

मी सांगितलं ते बरोबर निघालं, पण मग थराची जाडी 'दोन बोटं' म्हणाले. आम्ही पावाचं पीठ तसंच मोजतो. तो डोकं धरून बसला. मी त्याच्यापुढे दूधभात ठेवला, दालचिनी घातलेला, तो त्याने खाल्ला. पुढच्या गुरुवारी येणार आहेत कचेरीचे लोक, त्याचे ट्रक उभे असतात त्या यार्डावर. तो मला ट्रकने घेऊन जाणार. म्हणजे नेमका मुकुटाच्या आठवड्यात. मी म्हटलं, त्या आठवड्यात घर सोडून मी कुठे जात नाही. तो म्हणाला, एक तास, आई, पाया पडतो. खरंच पडला असता.

दुपारी झुल्मिराला आडून विचारलं, एखादीने न वाचता सही केली तर काय होतं.

"कुणी केली?"

"कुणी नाही गं. असंच."

"आमच्या गल्लीतला तो केस कापणारा आठवतो? बायकोच्या नावावर दुकान दाखवलं म्हणून आत गेला. दीड वर्षं. बायको पण."

बायको पण. घरी येऊन मी कपाट आवरत बसले. तुरुंगात जपमाळ ठेवू देत असतील का? लाकडी असली तर देतील कदाचित. आणि मी आत गेले तर लिओनोरला काय वाटेल, ही भीती तुरुंगापेक्षा मोठी आहे. तिची आई नाही. बाप आहे आणि मी आहे. यातलं एक जरी तिच्या मनातून उतरलं तर या घराचं काय उरलं?

मे ६, रविवार

मुकुट आला. बँड पुढे, पोरी पांढऱ्या कपड्यात, मागे सगळी गल्ली. फुलांच्या चौरंगावर ठेवला तेव्हा मला काही दिसेनासं झालं. सेराफिम असता तर त्याने शेजाऱ्यांना रडवेपर्यंत पिऊन गाणी म्हटली असती.

लिओनोरने आठवडाभर रजा काढलीय, मला मदत म्हणून. ब्रेंडन आणि ती दोघं मिळून दिव्यांच्या माळा लावत होती. ती शिडीवर, तो खालून शिडी धरून. मी दोघांकडे बघत उभी राहिले, आत पाव करपला तोपर्यंत.

मे ८, मंगळवार

आज खरंच मन हलकं झालं, म्हणून लिहिते.

संध्याकाळी जपमाळेच्या थोडं आधी एक बाई आली. निळा कोट, केस आखूड, पन्नाशीची. "देओलिंडा फुर्तादो यांना भेटायचंय." मी म्हटलं, या आठवड्यात सगळ्यांनाच मला भेटायचंय, आत ये. तिने पर्स उघडायला घेतली, मी ताटली तिच्या हातात दिली. मुकुटासमोर आलेल्या माणसाने आधी खायचं, मग बोलायचं. नाव मिसेस वायमन सांगितलं. आमच्यातली नाही, पण कोण, कुठली हे विचारायची आपली पद्धत नाही. तिने गोड पाव खाल्ला, दुसरा तुकडा मागून घेतला. असं माणूस मला आवडतं.

मग गप्पा. लिओनोर पाव आणायला बाहेर गेली होती. भिंतीवर नतालियाचा फोटो आहे, ट्रकच्या पायरीवर बसलेला. विचारलं, ही कोण? झालं, मी सुरू. लेक कशी होती, हिशेबाला कशी चोख, माणसांना कशी दम द्यायची. आणि ती गेल्यावर जावयाने कंपनी माझ्या नावावर केली, तेही सांगितलं. ती म्हणाली, "मग आता तुम्ही बघता सगळं?" मी हसले. "अगं मी काय बघणार? मला तर रोलर कुठल्या तोंडाने चालतो ते माहीत नाही. ब्रेंडन बघतो. मी सही करते आणि थंडीत माणसांना सूप पाठवते." ती म्हणाली, "यार्डावर कधी गेलात?" म्हटलं, नतालिया होती तेव्हा गेले होते, एकदा, उद्घाटनाला, केक घेऊन.

किती दिवसांनी कुणाशी तरी मोकळं बोलले. इतके दिवस ब्रेंडनची पाठ केलेली उत्तरं छातीवर बसली होती. ही परकी बाई, हिच्यापुढे काय लपवायचं? तिने शांतपणे ऐकलं. नंतर तिचा चेहरा जरा उतरला होता. म्हटलं, हिचीही कुणी गेली असेल.

जपमाळेला थांबली, मागे उभी राहून. जाताना माझा हात धरून म्हणाली, "बाई, मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, मी इथे," आणि तेवढ्यात झुल्मिराच्या घरची सगळी पलटण आत आली. मी म्हटलं, नंतर सांग. ती म्हणाली, "गुरुवारी येते मग."

मी म्हटलं, "गुरुवारीच का, रोज ये."

मे १०, गुरुवार

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर नाही.

सकाळी ब्रेंडनचा फोन आला. कचेरीचे लोक यार्डावर नाही, घरीच येणार, आणि मालकिणीशी एकटीशी बोलणार. "पाठ आहे ना, आई?" म्हटलं, आहे. लिओनोर मागच्या खोलीत पीठ मळत होती. तिला सांगितलं, विम्याची बाई येतेय, तू तिथेच थांब.

दार उघडलं तर निळा कोट.

आज तिचं कार्ड मी वाचलं. वाचायला मला वेळ लागतो, ती थांबली. मग म्हणाली, "मी मंगळवारीच न सांगता आले होते. तक्रार आली की तसं यावं लागतं. पण तुम्ही ताटली दिलीत आणि माझी जीभ रेटेना. त्या दिवशीचं मी काहीच लिहिलेलं नाही. आज पहिल्यापासून विचारते."

मी स्वयंपाकघरात बसले. तिने विचारलं, माणसं कोण नेमतं. मी म्हटलं, मी. कामावर कोण जातं. मी, रोज सकाळी. थर किती. तीन इंच. अशी घडाघडा उत्तरं दिली मी, की ब्रेंडन खूश झाला असता. मला माझाच आवाज ओळखू येत नव्हता.

तिने पेन खाली ठेवलं. "बाई, मंगळवारी तुम्ही वेगळं म्हणालात."

"मंगळवारी तुम्ही पाहुण्या होतात."

"आणि आज?"

"आज कचेरीतून आलात."

"माणूस बदललं तरी उत्तर बदलत नाही ना," ती म्हणाली. रागावून नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "उद्या संध्याकाळपर्यंत विचार करा. मला फोन करा. नाहीतर जे आज ऐकलं ते मी लिहीन, आणि मग ते खरं की खोटं हे दुसरे लोक बघतील. ते पाव खाणार नाहीत."

ती गेली. मी वळले तर मागच्या दारात लिओनोर, कोपरापर्यंत पिठाने भरलेली. तिचा चेहरा तिच्या पिठासारखा.

"रोज सकाळी डांबराचा थर," ती म्हणाली. "आजी, सतरा नंबर तू आहेस."

मी म्हटलं, "मी त्या बाईसाठी जपमाळ म्हटली होती." का म्हटलं कोण जाणे.

मे ११, शुक्रवार

ब्रेंडन सकाळीच आला. लिओनोर रात्रभर बोलली नव्हती. मी दोघांच्या मधे कॉफी ठेवली, कुणी घेतली नाही.

"तक्रार तू केलीस? स्वतःच्या बापाची?"

"मला माहीत नव्हतं, बाबा. नावावर पट्टी होती."

"कुणी लावली पट्टी?"

"मीच."

ब्रेंडन हसला. ते हसणं मला ऐकवेना.

लिओनोर म्हणाली, "आई होती तोवर ठीक. ती खरंच बघायची. ती गेल्यावर तुम्ही सरळ स्वतःच्या नावावर का नाही केलीत कंपनी?"

"कारण माझं नाव टीअर्नी आहे. पोर्तुगीजांसाठी राखलेलं काम टीअर्नीला मिळत नाही. दुसऱ्या दिवशी फोन बंद झाले असते. नऊ घरं चालतात त्या ट्रकवर. दार उघडं होतं, मी आत गेलो. मोठ्या कंपन्या त्याच दाराने रोज जातात, त्यांच्याकडे वकील असतात, माझ्याकडे आई होत्या."

"आई होत्या? शिक्का होता तुमच्याकडे. आजी म्हणजे बेटाचा शिक्का."

मी इतका वेळ ओट्याशी उभी होते. मला मान म्हणून दिली असं मला वाटत होतं. मनातल्या मनात मिरवत होते मी. मी वळून म्हटलं, "ब्रेंडन, मी तुमच्या आयर्लंडात जन्मले असते तर केली असतीस कंपनी माझ्या नावावर?"

त्याने कॉफीचा पेला बाजूला सारला. मग म्हणाला, "नाही, आई."

"नतालियाची आठवण म्हणून नाही?"

"तेही होतं. दोन्ही होतं."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. लिओनोरने ठेवला नाही, ते तिच्या तोंडावर दिसलं. ती म्हणाली, मंगळवारी बोस्टनला या राखीव कामांवर सुनावणी आहे आणि तिच्या वरचा माणूस म्हणतो, सतरा नंबरच पुढे ठेवायचा, तू ठेव. "गप्प बसले तर तिथे बसायला मला तोंड नाही. आणि बोलले तर," एवढं म्हणून थांबली. ब्रेंडनने टेबलावरच्या किल्ल्या उचलल्या. तो गेला असता तर परत कधी आला असता, मला माहीत नाही.

मी एवढी घाबरले नव्हते कधी. बोटीतही नाही, नतालियाच्या खाटेशीही नाही. पण घाबरता घाबरता एक दिसलं. पोरीने सांगितलं तर बाप तुटणार. पोरगी गप्प बसली तर पोरगी आतून तुटणार. मी सांगितलं तर? मी तर आधीच म्हातारी.

"तो फोन दे इकडे," मी म्हटलं.

दोघंही नको म्हणाली. त्या दिवसभरात दोघांचं एकमत झालं ते तेवढंच. मी लावला. मिसेस वायमनला म्हटलं, मंगळवारचं खरं. काल मी खोटं बोलले. कंपनी जावई चालवतो, मी पोर्तुगीज आहे एवढंच माझं काम.

"तुम्हाला कुणी सांगायला लावलं का?"

"नाही. समोर उभे राहून दोघं हात करतायत, थांब म्हणून."

ती म्हणाली, कंपनीचं नाव यादीतून जाईल. जूनमधे शाळेच्या पटांगणाचं जे काम मिळालंय, तेही जाईल.

"मला आत टाकतील?"

"मला नाही वाटत. स्वतः सांगितलंत, त्याचं वजन पडेल. पण ते माझ्या हातात नाही, बाई."

ब्रेंडन किल्ल्या घेऊन गेला. दार आपटलं नाही. आपटायला हवं होतं.

मे १३, रविवार

आज मुकुट पुढच्या घरी गेला. आज मदर्स डेही. दरवर्षी ब्रेंडन कार्नेशनची फुलं घेऊन स्वतः येतो. आज फुलं दाराबाहेरच्या खुर्चीवर ठेवलेली सापडली. माणूस नव्हता. मिरवणुकीत मी आणि लिओनोर दोघीच चाललो. कुणी विचारलं तर मी सांगत होते, त्याला काम आहे.

मे १६, बुधवार

लिओनोर काल सुनावणीला गेली. तिने वरच्या माणसाला आधीच सांगितलं, सतरा नंबर माझं घर आहे, मी त्यावर बोलणार नाही, दुसऱ्या कुणी बोलावं. बाकीचं मात्र बोलली. फोनवर म्हणाली, "आजी, माझं मत बदललेलं नाही. उलट पक्कं झालंय." मी म्हटलं, बरं. जेवलीस का?

झुल्मिरा आली होती. हळूच म्हणाली, पटांगणाच्या कामासाठी अडालबेर्तोला फोन आला. त्याच यादीवरून. तिला आनंद लपवता येत नव्हता आणि माझ्यापुढे दाखवताही येत नव्हता. मी लिओनोरला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "त्याला काम चांगलं येतं का?" मी म्हटलं, येतं. "मग बरं झालं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

ब्रेंडनचा फोन नाही. कचेरीचं पत्र नाही. दारावर कुणी आलं की आधी पडद्याआडून कोट कुठल्या रंगाचा ते बघते.

मे २१, सोमवार

काल सण झाला, सूप वाढलं, सगळं झालं. ब्रेंडन आला, लांबच्या टेबलावर बसला. मी ताट घेऊन त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, "आई, उद्या माणसांना सांगावं लागणार. चौघांना काम नाही."

"कोण सांगणार?"

"मीच. दुसरं कोण?"

"कागदावर अजून माझं नाव आहे ना?"

"या महिनाअखेरपर्यंत आहे."

"मग मी सांगणार."

म्हणून आज सकाळी गेले. लिओनोर कालची राहिली होती, तिने मला सोडलं. यार्डाच्या फाटकाशी उतरले तेव्हा वाटलं, परत फिरावं. नऊ माणसं उभी होती, कॉफीचे पेले हातात. त्यातला एक नवा, ग्वाटेमालाचा, ब्रेंडनला म्हणाला, "ह्या बाई कोण?"

ब्रेंडनने आधी लिओनोरकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाला, "मालकीण."

मी सांगितलं. आवाज फाटला, पण सांगितलं. जूनचं काम गेलं, चूक तुमची नाही, चौघांना दुसरीकडे बघावं लागेल. दोघांना अडालबेर्तो घेतो म्हणालाय, मी काल विचारून ठेवलं. बाकी दोघांसाठी माझ्याकडे काही नाही. जो म्हातारासा होता तो म्हणाला, "सूप तुम्हीच पाठवायचात ना?" म्हटलं, हो. त्याने टोपी काढली. त्याला जावं लागणार आहे. मला त्याच्याकडे बघवेना.

परत निघताना ब्रेंडन म्हणाला, ट्रकनेच सोडतो, त्या बाजूला काम आहे. लिओनोरची गाडी तिथेच ठेवली. बाप आणि लेक ट्रकच्या दोन बाजूंना उभे, मधे मी. अकरा तारखेपासून ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेली नाहीत.

ब्रेंडन म्हणाला, "आजीला मधे बसव. पायरी उंच आहे, हात दे तिला."

"माहितेय, बाबा," लिओनोर म्हणाली.

मी मुद्दाम सावकाश चढले.